धनुष्याचा आकार कोणी ठरवला?

धनुष्य म्हणजे काय? एक वाकवलेली काठी आणि तिच्या दोन टोकांना बांधलेली दोरी. खराट्याची काडी वाकवून तिला सुतळी बांधली की लहान मुलांचेही धनुष्य तयार होते. इतके हे साधन साधे. पण जगातील जुनी लाकडी धनुष्ये शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर त्यांचे आकार एकसारखे नाहीत हे लगेच ध्यानात येते. काही पट्टीसारखी चपटी आणि रुंद, तर काही जवळजवळ गोल. काहींची मूठ बारीक आणि कडक, तर काही मुठीतसुद्धा वाकणारी.

मग यांतले चांगले कोणते? १९३० च्या दशकात अमेरिकेतील काही भौतिकशास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. ज्या इंग्रजी धनुष्याचे गोडवे इतिहासाच्या पुस्तकांत गायले जात होते, त्याचा आकारच चुकीचा आहे असा निकाल त्यांनी दिला. त्यांच्या गणितात चूक नव्हती. तरीही पुढे सुमारे पन्नास वर्षांनी समुद्राच्या तळातून वर आलेल्या एका जहाजाने या निकालाकडे पुन्हा पाहायला भाग पाडले. हे कसे घडले, ते या लेखात पाहू. त्यासाठी आधी काठी वाकते तेव्हा काय होते ते समजून घ्यायला हवे.

काठी वाकते तेव्हा

बाण सोडणाऱ्याच्या बाजूला असलेल्या धनुष्याच्या पृष्ठभागाला आपण ‘पोट’ म्हणू आणि समोरच्या, लक्ष्याकडील बाजूला ‘पाठ’ म्हणू. मुठीच्या वरचा आणि खालचा भाग म्हणजे धनुष्याचे दोन बाहू. दोरी मागे ओढली की बाहू वाकतात. पाठीकडचे लाकडाचे तंतू ताणले जातात, पोटाकडचे दाबले जातात. मधे कोठेतरी एक पातळी अशी असते, की तेथील तंतू ताणलेही जात नाहीत आणि दाबलेही जात नाहीत. या पातळीपासून तंतू जितका दूर, तितका त्याच्यावर जास्त भार.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : काठी जितकी जाड, तितका तिच्या पृष्ठभागावरील ताण आणि दाब जास्त. दुसरी : काठी जितकी लांब, तितका तिला कमी वाक द्यावा लागतो, म्हणून भारही कमी. माणसाच्या उंचीइतके धनुष्य करण्यामागचे मुख्य कारण हेच. आखूड लाकडी धनुष्य तितकेच मागे ओढले तर मोडेल किंवा कायमचे वाकडे होऊन बसेल.

आता कडकपणाचा विचार करू. पट्टी किती कडक आहे हे तिच्या रुंदीच्या समप्रमाणात ठरते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात ठरते. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट! म्हणून बाहू दुप्पट रुंद केला आणि कडकपणा पूर्वीइतकाच हवा असेल, तर जाडी सुमारे ०.७९ पट करावी लागेल. पृष्ठभागावरील भार सुमारे २१ टक्क्यांनी उतरला, हा फायदा. पण दुप्पट रुंदी गुणिले ०.७९ जाडी म्हणजे लाकूड सुमारे १.६ पट लागले, हा तोटा. बाहू वजनदार झाला आणि वजनदार बाहू हलवण्यातच बरीच ऊर्जा खर्च होते.

धनुष्य करणाऱ्या प्रत्येक कारागिराला, मग तो कोणत्याही देशाचा असो, या देवाणघेवाणीतून वाट काढावी लागते. त्याने घनमूळ काढलेले नसते. पण मोडलेली धनुष्ये त्याने मोजलेली असतात.

दलदलीतले धनुष्य

१९४४ साली डेन्मार्कमधील झीलँड बेटावर, होल्मेगार्ड येथील दलदलीत एल्म वृक्षाच्या लाकडाची धनुष्ये सापडली. ती सुमारे ९००० वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे त्या प्रदेशात शेतीही सुरू झालेली नव्हती. दलदलीच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे लाकूड कुजवणारे जीव तेथे वाढत नाहीत. म्हणून एरवी कधीच नाहीशी झाली असती अशी ही वस्तू टिकली.

या धनुष्याची लांबी दीड मीटरच्या आसपास आहे. मूठ अरुंद आणि जाड आहे. मुठीजवळून निघणारे बाहू रुंद व चपटे आहेत आणि टोकांकडे ते निमुळते होत गेले आहेत. वर केलेल्या हिशेबाच्या प्रकाशात पाहा. एल्मचे लाकूड चिवट असते, सहज फाटत नाही, पण पोटाकडचा मोठा दाब ते फार सोसत नाही. म्हणून बाहू रुंद आणि पातळ केला, की भार कमी होतो. वजन वाढते, पण त्यावरही उपाय केला आहे. टोके बारीक ठेवली आहेत.

टोकांना इतके महत्त्व का? दोरी सुटली की बाहूचा मुठीजवळचा भाग जेमतेम हलतो, पण टोक फार मोठे अंतर फार कमी वेळात कापते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून टोकाजवळचे एक ग्रॅम वजन मुठीजवळच्या अनेक ग्रॅम वजनापेक्षा महागात पडते. ज्या भागाला वेगाने हलायचे आहे तो हलका ठेवा, हा नियम अश्मयुगातील शिकाऱ्याने लाकडात उतरवला होता.

यू वृक्ष आणि इंग्रजी धनुष्य

युरोपात धनुष्यासाठी सर्वांत नावाजलेले लाकूड म्हणजे यू या सूचिपर्णी वृक्षाचे. याच कुळातला थुनेर हा वृक्ष आपल्याकडे हिमालयात वाढतो. १९९१ साली आल्प्स पर्वतात, इटली व ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, बर्फात गोठलेला एक माणूस सापडला. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाजवळ यूच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते. ते तासून पुरे व्हायचे होते. म्हणजे यूची पारख फार जुनी आहे.

यूच्या खोडात बाहेरच्या बाजूला पांढरट लाकडाचा पातळ थर असतो, त्याला रसकाष्ठ म्हणतात. आत तांबूस-तपकिरी गाभा असतो, ते मध्यकाष्ठ. रसकाष्ठ ताण चांगला सोसते आणि मध्यकाष्ठ दाब चांगला सोसते. कारागीर खोडातून फाळ अशा रीतीने काढतो, की पाठीकडे रसकाष्ठ आणि पोटाकडे मध्यकाष्ठ यावे. दोन वेगळे पदार्थ चिकटवून जे साधायचे ते येथे झाडानेच जोडून दिलेले असते.

इंग्रजी धनुष्य या लाकडाभोवती घडले. छेद घेतला तर पाठ बरीचशी सपाट आणि पोट गोलाई दिलेले, इंग्रजी ‘डी’ या अक्षरासारखे. १३४६ साली क्रेसी येथे आणि १४१५ साली आजिंकोर्ट येथे फ्रेंच सैन्याचा इंग्रजांनी केलेला पराभव या धनुष्याच्या नावावर जमा आहे. त्याच्या मागे राज्यव्यवस्थाही उभी होती. तिसऱ्या एडवर्डने १३६३ साली सणासुदीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करण्याचा हुकूम काढला. इंग्लंडमध्ये चांगले यू पुरेसे मिळत नव्हते, म्हणून १४७२ च्या कायद्याने परदेशी माल आणणाऱ्या जहाजांना दर टन मालामागे धनुष्यासाठीचे चार दांडके आणण्याची सक्ती केली. १५४१ च्या कायद्यानुसार २४ वर्षांवरील माणसाने २२० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे २०० मीटरपेक्षा, जवळच्या लक्ष्यावर सराव करायचा नव्हता.

पण बंदुका सुधारत गेल्या. १५९५ साली इंग्लंडच्या नागरी सैन्यदलांतून धनुष्य काढून टाकण्याचा निर्णय झाला. युद्धाची धनुष्ये घडवणाऱ्यांना काम उरले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांचा खेळ म्हणून धनुर्विद्येला पुन्हा बहर आला. रॉयल टॉक्सोफिलाइट सोसायटी ही संस्था १७८१ ची. या खेळासाठी जे धनुष्य रूढ झाले ते हलके होते, त्याची मूठ कडक होती, बाहू अरुंद व खोल छेदाचे होते. यालाच सर्व जग ‘इंग्रजी लांब धनुष्य’ म्हणून ओळखू लागले. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा घोटाळा येथून सुरू होतो.

प्रयोगशाळेचा निकाल

१९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाने ओळखला जाणारा एक माणूस डोंगरांतून एकटाच खाली आला. याही या आदिवासी समूहातला तो शेवटचा माणूस होता. त्याचे बाकी सारे आप्त गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत, उपासमारीत आणि रोगराईत संपले होते. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करणे व चालवणे शिकून घेतले. १९१६ मध्ये इशी मरण पावला. पोपने नंतर संग्रहालयातली अनेक देशांची धनुष्ये आणि त्यांच्या प्रतिकृती घेऊन बाण किती दूर जातो ते मोजले आणि १९२३ साली ते प्रसिद्ध केले. त्याचे प्रयोग साधे होते, पण ‘अमुक धनुष्य श्रेष्ठ’ अशा ऐकीव गोष्टींऐवजी त्याने मोजमाप पुढे आणले.

१९३० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स हिकमन आणि भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी हे काम पुढे नेले. हिकमन तरुणपणी रॉबर्ट गॉडार्ड या अग्निबाणांच्या जनकाचा सहायक होता. क्लॉपस्टेग हे अमेरिकेतील भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. ही संघटना आजही त्यांच्या नावाने व्याख्यानाचा सन्मान देते. हिकमनने बाणाचा वेग काटेकोरपणे मोजण्याची साधने तयार केली. वेगवान चित्रण करून त्याने असेही दाखवले की बाण सुटताना सरळ राहत नाही. तो मुठीला वळसा घालून, मासोळीसारखा वाकत वाकत बाहेर पडतो. म्हणून बाणाचा लवचिकपणा धनुष्याला जुळणारा असावा लागतो.

छेदाबद्दल त्यांचे म्हणणे असे होते. वाकलेल्या काठीत ऊर्जा साठते ती मुख्यतः पृष्ठभागाजवळच्या तंतूंत. आयताकृती छेदात हे तंतू भरपूर असतात, गोल छेदात कमी. हिशेब केला तर, सगळे लाकूड पृष्ठभागाइतकेच ताणले गेले असते तर जितकी ऊर्जा साठली असती, तिच्या एक-तृतीयांश आयताकृती छेदात साठते, आणि गोल छेदात केवळ एक-चतुर्थांश. म्हणजे तितक्याच लाकडात गोल काठी आयताकृती पट्टीच्या पाऊणपट काम करते. ‘डी’ आकारात तर आणखी एक अडचण आहे. मधली ताणरहित पातळी सपाट पाठीकडे सरकते. त्यामुळे पोटाचा उंचवटा तिच्यापासून दूर पडतो आणि सर्वांत जास्त दाब त्या अरुंद उंचवट्यावर येतो. लाकूड बहुधा ताणापेक्षा दाबाला लवकर हार जाते. म्हणजे जेथे लाकूड दुबळे, तेथेच ते कमी ठेवलेले!

यावरून त्यांनी सुचवलेले धनुष्य चपट्या, आयताकृती छेदाच्या बाहूंचे होते. त्या काळच्या स्पर्धांतील इंग्रजी धाटणीच्या धनुष्यांपेक्षा ते बाण अधिक वेगाने सोडत असे आणि सहज मोडत नसे. तिरंदाजांनी ते लवकर उचलले. होल्मेगार्डची धनुष्ये १९४४ मध्ये सापडली तेव्हा हा चपटा आकार युरोपातही ९००० वर्षांपूर्वी होता, हे उघड झाले. मग प्रश्न आणखीनच टोकदार झाला : चपटा आकार इतका सरस, तर इंग्रज कारागिरांनी शतकानुशतके चुकीचे धनुष्य का केले?

बुडालेल्या जहाजाची साक्ष

१९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोज’ हे युद्धजहाज फ्रेंच आरमाराशी लढताना पोर्ट्‌स्मथजवळ बुडाले. योगायोग असा की रॉजर ॲस्कमचे ‘टॉक्सोफिलस’ हे धनुर्विद्येवरचे इंग्रजीतील पहिले पुस्तकही १५४५ सालचेच. जहाजाचा अर्धा भाग गाळात रुतला आणि गाळाने तो जपला. १८३६ ते १८४० या काळात पाणबुड्यांनी तेथून काही धनुष्ये वर काढली होती. पोपने त्यांतल्याच एकाची मापे घेऊन ओरेगॉनमधील यूच्या लाकडात प्रतिकृती केली होती. तिची ओढ सुमारे ६५ पौंड, म्हणजे ३० किलोच्या जवळपास भरली. (ओढ म्हणजे दोरी पूर्ण मागे आणायला लागणारे बल.) युद्धातल्या धनुष्याची ओढ शंभर पौंडांच्या आतच असावी, असे पुढे अनेकांना वाटत राहिले.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा वर काढण्यात आला. त्याच्या उत्खननात सव्वाशेहून अधिक अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या घरात बाण मिळाले. इंग्रजी युद्धधनुष्य कसे होते ते प्रथमच नीट पाहता आले, आणि ते खेळातल्या धनुष्यासारखे नव्हते.

लांबी १.८७ ते २.११ मीटर, सरासरी जवळपास दोन मीटर. छेद एकच नाही. कोठे ‘डी’, कोठे जवळजवळ गोल, कोठे बाजू सपाट केलेल्या. मूठ वेगळी काढलेली नाही. धनुष्य टोकापासून टोकापर्यंत, मुठीतसुद्धा, कमानीसारखे वाकते. समुद्रात साडेचारशे वर्षे राहिलेल्या लाकडाची मूळ ताकद थेट मोजणे शक्य नव्हते. म्हणून मापांवरून गणिती प्रारूपे तयार केली गेली, प्रतिकृती करून पाहिल्या गेल्या. नेदरलँड्समधील गणितज्ञ बी. डब्ल्यू. कोई यांचा या कामात वाटा होता. ओढ निघाली १०० ते १८५ पौंड, म्हणजे ४५ ते ८४ किलो! सरळ उभ्याने एवढे बल लावून दोरी कानापर्यंत आणायची. जहाजावरील काही माणसांच्या सांगाड्यांत खांद्याच्या पात्याच्या टोकाचा हाडाचा तुकडा न जुळता तसाच राहिलेला आढळला. एरवी तो तरुणपणी जुळतो. लहानपणापासून केलेल्या धनुष्याच्या सरावाचा हा परिणाम असावा, असे या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ॲन स्टर्लंड यांनी सुचवले.

आता १९३० च्या निकालाकडे परत पाहू. छेदाचे गणित बरोबरच होते. पण ज्या धनुष्याला त्यांनी इंग्रजी धनुष्य म्हणून तपासले, ते मुळात खेळासाठी घडलेले होते. जुन्या कारागिराने ‘डी’ छेदाची भरपाई तीन प्रकारे केली होती. एक, असे लाकूड निवडले की ज्याचा गाभा दाब उत्तम सोसतो. दोन, लांबी वाढवून वाक कमी केला. तीन, मूठही वाकू दिली, म्हणजे भार संपूर्ण लांबीवर वाटला गेला. शिवाय यूची खोडे बारीक, गाठींनी भरलेली, आणि परदेशातून आणलेली. अरुंद धनुष्य केले की त्याच खोडातून जास्त दांडके निघतात. हजारोंनी धनुष्ये पुरवणाऱ्या कारखान्याला ही बाब छोटी नाही.

हलका बाण की जड बाण?

आणखी एक गोष्ट राहिली : धनुष्य कशासाठी हवे? क्लॉपस्टेग यांनीच मांडलेली एक कल्पना येथे कामी येते. धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. काही बाहू आणि दोरी यांच्या हालचालीत जाते. जणू बाणाबरोबर आणखी एक न दिसणारे ओझे फेकले जात असते. याला त्यांनी आभासी वस्तुमान म्हटले. एका धनुष्यासाठी ते जवळपास स्थिर असते, बाण कोणताही असो.

समजण्यासाठी मनचे आकडे घेऊ. धनुष्यात ५० ज्यूल ऊर्जा आहे आणि आभासी वस्तुमान २० ग्रॅम आहे. २५ ग्रॅमचा बाण लावला तर एकूण ओझे ४५ ग्रॅम झाले. बाणाच्या वाट्याला २५ भागिले ४५, म्हणजे ५६ टक्के ऊर्जा आली. वेग सेकंदाला ४७ मीटर. आता ६० ग्रॅमचा बाण लावू. एकूण ओझे ८० ग्रॅम, बाणाचा वाटा ७५ टक्के, वेग सेकंदाला ३५ मीटर. हलका बाण जलद गेला, पण जड बाणाने ऊर्जा जास्त नेली. म्हणजे जड बाण वापरायचा असेल तर बाहूंचे वजन तितकेसे खुपत नाही.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. मेरी रोजच्या नमुन्यावरून केलेल्या १५० पौंड ओढीच्या धनुष्याने ५३.६ ग्रॅमचा बाण ३२८ मीटर गेला आणि ९५.९ ग्रॅमचा बाण सुमारे २५० मीटर गेला. हवेचा अडथळा सोडून दिला तर ४५ अंशांत सोडलेल्या बाणाचा पल्ला वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण इतका असतो. त्यावरून बाणाची सुटतानाची ऊर्जा कमीत कमी किती असावी ते काढता येते. हलक्या बाणासाठी ती ८६ ज्यूल येते आणि जड बाणासाठी ११७ ज्यूल. (हवेचा अडथळा असतोच, म्हणून खरी ऊर्जा याहून जास्त. हलक्या बाणाचा वेग जास्त असल्याने त्याच्या आकड्यात वाढही जास्त करावी लागेल.)

खेळातल्या तिरंदाजाला बाण हलका व जलद हवा, म्हणजे तो सपाट मार्गाने जातो आणि अंतराच्या अंदाजातली चूक कमी नडते. त्याच्यासाठी चपटे, हलक्या टोकांचे धनुष्य योग्य. युद्धात जाड अंगरखे आणि चिलखत भेदायचे असते. तेथे जड बाण आणि जबर ओढ योग्य. ‘चांगले धनुष्य कोणते’ या प्रश्नाला ‘कोणत्या लाकडाचे, कोणत्या बाणासाठी, कोणाच्या हातात’ हे तीन प्रश्न जोडल्याखेरीज उत्तर नाही.

आपल्याकडचे लांब धनुष्य

भारतीय लांब धनुष्याचा एक जुना उल्लेख ग्रीकांनी करून ठेवला आहे. अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियन हा लेखक सांगतो, की भारतीय पायदळाची धनुष्ये माणसाच्या उंचीइतकी असत. ती जमिनीवर टेकवून, डाव्या पायाचा रेटा देऊन दोरी ओढत. बाण तीन हातांहून थोडाच आखूड असे. इ.स.पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरस राजाशी झालेल्या लढाईबद्दल कर्टियस हा रोमन इतिहासकार लिहितो, की पावसाने जमीन निसरडी झाली होती, त्यामुळे ही धनुष्ये नीट टेकवता आली नाहीत. धनुष्याची रचना आणि पायाखालची जमीन यांचाही संबंध असतो तो असा.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सातपुड्यातील भिल्लांचा तिरकमठा. तो बांबूचा असतो. दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीची करतात. बांबू पोकळ असल्याने तो चिरला की कामटी मिळते ती आपोआपच चपटी. म्हणजे हिकमनने गणिताने सुचवलेला छेद येथे गवताच्या कुळातली वनस्पती फुकट देते. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या हिरव्या सालीजवळ दाटीने असतात, आतल्या बाजूला विरळ. म्हणजे यूप्रमाणेच येथेही एकाच तुकड्यात दोन गुणांचे लाकूड आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

बाण न सोडताही धनुष्याचा अभ्यास करता येतो, आणि शाळेत तसाच करावा. सारख्या लांबीच्या दोन कामट्या घ्या, एक रुंद व पातळ, दुसरी अरुंद व जाड. दोरी बांधून मूठ भिंतीतल्या खुंटीला पक्की अडकवा. दोरीच्या मध्याला ताणकाटा लावून ती पाच-पाच सेंटिमीटर खाली ओढा आणि दर वेळी बल वहीत लिहा. कामटी मोडू शकते, म्हणून मुलांना बाजूला उभे करा आणि ताण हळूहळू उतरवा. अंतर आडव्या अक्षावर व बल उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. चौकोन मोजून ते काढता येते. दोन्ही कामट्या तराजूत तोला आणि दर ग्रॅममागे ऊर्जा किती पडते ते पाहा. कोणती कामटी ओढ सोडल्यावर पूर्ण सरळ होत नाही, हेही टिपून ठेवा.

आणखी एक काम आहे, त्याला ताणकाटा लागत नाही. इंग्लंडमध्ये १५९५ नंतर युद्धधनुष्ये घडवणाऱ्यांची परंपरा तुटली. त्यांच्या हातातली माहिती कोणी पुरेशी लिहून ठेवली नव्हती. ती परत मिळवायला समुद्रतळातले एक जहाज, गणिती प्रारूपे आणि अनेकांची अनेक वर्षे खर्ची पडली. आपल्या तालुक्यात तिरकमठा करणारा कोणी म्हातारा माणूस असेल, तर विद्यार्थ्यांना त्याच्याकडे न्या. बांबू कोणत्या महिन्यात तोडता, किती दिवस वाळवता, साल पाठीकडे ठेवता की पोटाकडे, दोरीची पट्टी कशी काढता, पक्ष्यासाठी आणि मोठ्या जनावरासाठी बाण वेगळा करता का, हे त्याला विचारायला सांगा. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि धनुष्याची मापेही घ्या. त्यामागचे भौतिकशास्त्र पुढे केव्हाही तपासता येईल.